पापातूआनुकूच्या कुशीतलं बाळ आणि आमच्या घराखालची प्लेट

अनघा_हट

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहतो, यंदा चौथं वर्ष. एका प्रश्नावर घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेतीनला घर हललं. फार मोठा धक्का नव्हता. कपाटातल्या वाट्या किणकिणल्या आणि पडद्याची दोरी बराच वेळ झुलत राहिली. साडेसहा वर्षांच्या लेकाला उचलून मी जेवणाच्या टेबलाखाली शिरले. माझे हातपाय कापत होते आणि तो अगदी शांत. मला म्हणाला, "आई, बाळाने लाथ मारली ना?"

इथल्या शाळेत त्यांना माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, गोष्टी सांगतात. आकाश म्हणजे बाप, रांगिनुई. पृथ्वी म्हणजे आई, पापातूआनुकू. त्यांचं सगळ्यात धाकटं लेकरू रूआउमोको हे अजून आईपाशीच, जमिनीच्या आत आहे, आणि ते कूस बदलतं तेव्हा भूकंप होतो. लेकाने ही गोष्ट मनापासून मानलीय.

सकाळी नवऱ्याने टेबलावर दोन पुस्तकं ठेवली, एक दुसऱ्याखाली सरकवलं आणि पृथ्वीच्या कवचाच्या प्लेट कशा सरकतात ते छान समजावलं. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी रडवेला होऊन विचारलं, "म्हणजे बाळ नाहीच?"

नवरा म्हणतो, खरं ते आत्ताच सांगायचं. मला वाटतं, ज्या गोष्टीमुळे पोर मध्यरात्री घाबरलं नाही ती हिसकावून का घ्यायची? माझ्या आजीने मला शेषनागाची गोष्ट सांगितली होती, भूगोल नंतर शाळेत शिकले, कुठे काही अडलं नाही. तुम्ही काय केलं असतं? आणि रूआउमोकोबद्दल, भूकंपाबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर तीही लिहा.

तर्ककठोर

नवऱ्याच्या बाजूने माझं एक मत. गोष्ट जरूर सांगा, पण ती गोष्ट आहे हेही सांगा. भूकंपाच्या बाबतीत चुकीची समजूत जिवावर बेतू शकते. भूकंपानंतर "आज रात्री बारा वाजता मोठा येणार" अशा अफवा आपल्याकडे दर वेळी उठतात आणि शिकलेली माणसंही अंथरुणं घेऊन मैदानात जाऊन बसतात. कारण माहीत असलेला माणूस अशा अफवेला बळी पडत नाही.

सोनचाफा

मी ऑकलंडला. आमच्याकडेही हाच गोंधळ, वर भाषेचा वेगळाच. माझी मुलगी विचारते, "पापा म्हणजे आई कशी?" तिचा बाबा पापा, आणि शाळेतली पापा ही पृथ्वीमाता! :)

जुनी_वही

अनघाताई, धागा आवडला. इथे येण्याआधी मी भाषा शिकवायचे आणि आता सहा वर्षं ते रेओ, म्हणजे माओरी भाषा, शिकते आहे. वर्गात ऐकलेलं आणि वाचलेलं लिहिते.

शाळेतल्या गोष्टीत बहुधा सुरुवातीचा दुःखाचा भाग गाळतात. रांगिनुई आणि पापातूआनुकू एकमेकांना घट्ट मिठी मारून होते आणि त्यांची मुलं मधल्या अंधारात कोंडली होती. उजेड हवा म्हणून वेगळं करायचं ठरलं. एकेकाने जोर लावला, कुणाला जमेना. शेवटी वनांचा देव ताने पाठीवर झोपला, पाय आकाशाला लावले आणि रेटत गेला. झाडं अशीच वर रेटत उभी असतात. आईबाप दुरावले. आकाश रडायला लागलं, तो पाऊस. पृथ्वीचे उसासे वर गेले, ते धुकं. त्यांचं एकमेकांकडे बघून रडणं थांबेना, तेव्हा मुलांनी आईला पालथं केलं. रूआउमोको तेव्हा अंगावर पिणारा होता. तो तिच्यासोबत खाली गेला. काही जमाती सांगतात की तो जन्मलाच नव्हता, पोटात होता. अंधारात त्याला ऊब मिळावी म्हणून त्याला अग्नी दिला. म्हणून भूकंप त्याचे आणि ज्वालामुखीही त्याचेच. तो हलला की खालची ऊब किंवा गारवा वर येतो आणि ऋतू पालटतात, असंही सांगतात.

"रू" म्हणजे थरथरणं. भूकंपाला शब्दच आहे "रू फेनुआ", जमिनीचं थरथरणं. आपल्या लोकांना हे उच्चार सोपे जातात. ह्रस्व-दीर्घ आपल्यासारखंच पाळतात, आणि ज्या "ङ"ला आपण वाङ्मय सोडून कुठे फारसं विचारत नाही तो त्यांच्याकडे शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. ङाई ताहू, ङाती पोरोऊ ही त्यांच्या जमातींची नावं. इंग्रजी बोलणारे इथे अडखळतात, आपण नाही.

सोनचाफा

"फेनुआ" शब्द आला म्हणून लिहिते. या शब्दाचे दोन अर्थ आहेत: जमीन आणि वार, म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडते ती. माझं बाळंतपण इथेच झालं. सुईण बाळाला माझ्या छातीवर ठेवून थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "फेनुआ घरी न्यायची आहे का?" मला कळेचना. मग तिने सांगितलं की माओरी लोक ती आपल्या जमिनीत पुरतात, म्हणजे पोराचं त्या जागेशी नातं जुळतं. बरीच इतर मंडळीही आता तसं करतात.

माझी आई तेव्हा सातारहून आलेली होती. तिला हे भाषांतर करून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग, यात नवीन काय? तुझी नाळ आपल्या परसात पुरलीय, पेरूच्या बुडाशी." त्या दिवशी त्या दोघी, सुईण आणि आई, एकमेकींची भाषा येत नसताना अर्धा तास बोलत होत्या.

तेव्हा जमिनीच्या आत बाळ आहे ही कल्पना त्यांच्या भाषेतच रुजलेली आहे. जमीन आणि वार एकच शब्द, मग बाळ आतच असणार.

भूगर्भी

पुण्यात तीस वर्षं महाविद्यालयात भूविज्ञान शिकवलं, आता निवृत्त. अनघा, तुमच्या यजमानांचं दोन पुस्तकांचं प्रात्यक्षिक चांगलं आहे, पण एक महत्त्वाची गोष्ट त्यात राहते. पुस्तकं गुळगुळीत सरकतात. प्लेट तशा सरकत नाहीत.

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत बसतं ते आठवा. ढकलत राहतो, दार हलत नाही, पण फळी किंचित वाकते. जोर तिच्यात साठत जातो. एका क्षणी चौकट सोडते, दार धाडकन उघडतं आणि सगळं घर दणाणतं. भूकंप म्हणजे तो दणका. खडक शेकडो वर्षं वाकत राहतात आणि अडकलेली जागा काही सेकंदांत सुटते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हे नीट मांडलं गेलं.

आता न्यूझीलंड. पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन या दोन प्लेटांची सीमा त्या देशातून जाते. उत्तर बेटाच्या पूर्वेला पॅसिफिक प्लेट खाली शिरते, दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला उलट, ऑस्ट्रेलियन खाली जाते. मधल्या भागात दोघी एकमेकींना घासत जातात, तो सुमारे ६०० किलोमीटरचा आल्पाइन भ्रंश (भ्रंश म्हणजे खडकातली मोठी भेग, जिच्या दोन बाजू सरकतात). तो शेवटचा मोठा सुटला १७१७च्या सुमारास, आणि तो साधारण तीनशे वर्षांनी सुटतो. पुढच्या ५० वर्षांत तो सुटण्याची शक्यता तिथले शास्त्रज्ञ ७५ टक्के धरतात. याच भ्रंशाने एकेकाळी शेजारी असलेले खडक आज ४८० किलोमीटर लांब नेऊन ठेवलेत. नेल्सनकडचा दगड आणि ओटागोकडचा दगड एकाच खाणीतले असल्यासारखे जुळतात.

तुमच्या घराखाली मात्र सरळ दोन मजले आहेत. वेलिंग्टनखाली साधारण २५ किलोमीटरवर पॅसिफिक प्लेटचा पृष्ठभाग आहे. शिवाय वेलिंग्टन भ्रंश हट खोऱ्याच्या पश्चिम कडेने जातो. रोज ज्या रस्त्याने शहरात जाता, तो काही ठिकाणी त्याच्या अगदी लगत आहे.

लेकाला एक खेळ शिकवा. भूकंपाच्या दोन लाटा येतात. पहिली ढकलणारी, वेगवान, ती ठक्क करून लागते. दुसरी आडवी हलवणारी, मागून येते, हेलकावे देते. ठक्क झालं की हेलकावा येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि आठने गुणायचं. तेवढे किलोमीटर लांब भूकंप झाला. टेबलाखाली बसून करायला उत्तम.

अनघा_हट

सर, खूप आभार. आठचा पाढा कालपासूनच सुरू केलाय. सोनचाफा, तुझा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बेसिन_रिझर्व्ह

माझं सदस्यनाव बघून ओळखलं असेलच, क्रिकेट. पण विषय भूकंपाचाच आहे.

वेलिंग्टनचं बेसिन रिझर्व्ह मैदान भूकंपाने दिलेलं आहे. तिथे आधी तळं होतं. शहराच्या आराखड्यात त्याचा कालवा काढून बंदर जोडायचं, जहाजं आत आणायची, असं ठरलं होतं. म्हणून नाव "बेसिन". २३ जानेवारी १८५५ला वैरारापा भ्रंश सुटला, ८.२ तीव्रता. जमीन दीडेक मीटर वर आली, तळ्याची दलदल झाली, जहाजांचा बेत बारगळला. दलदल काढून मैदान केलं आणि १८६८मध्ये तिथे पहिला क्रिकेट सामना झाला.

बरोबर शंभर वर्षांनी, १९६८मध्ये, आपल्या अजित वाडेकरांनी याच मैदानावर १४३ केल्या. त्यांचं कसोटीतलं एकमेव शतक! भारताने परदेशात जिंकलेली पहिली मालिका तीच. मी तिथे गेलो की गवताला हात लावून येतो.

भूगर्भी

वा, बेसिनराव! त्याच भूकंपात भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींपासून आडव्या १८ मीटरपर्यंत सरकल्या होत्या आणि तुराकिराए भूशिरापाशी किनारा सहा मीटरहून अधिक उचलला गेला. तिथे गोट्यांचे जुने किनारे पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, प्रत्येक पायरी म्हणजे एक मोठा भूकंप. हटकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे ज्या पट्टीवर आहेत, तीही तेव्हाच पाण्यातून वर आलेली. म्हणजे अनघा, तुमचा रोजचा प्रवास रूआउमोकोच्या कृपेने चालू आहे.

तर्ककठोर

माहिती उत्तम. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. १८५५ची माहिती मोजमापातून आली. बाळाच्या गोष्टीतून काय कळतं? कुठे, कधी, किती? काहीच नाही. अशा कथा जगभर आहेत, आपल्याकडे शेषनाग, जपानात मासा. सुंदर आहेत, एवढंच.

जुनी_वही

तर्ककठोर, रूआउमोको ही त्यांची सर्वांची मोठी कथा. तिच्याखाली गावोगावच्या कथा आहेत आणि त्यांत "कुठे" नेमकं असतं. तीन सांगते.

वेलिंग्टनच्या बंदराचं माओरी नाव "ते फांगानुई-आ-तारा". तिथे पूर्वी समुद्रापासून तुटलेलं तळं होतं आणि त्यात ङाके आणि फाताइताइ असे दोन तानिफा, म्हणजे पाण्यातले अवाढव्य प्राणी, राहत होते. ङाकेने धडक देऊन दक्षिणेचा खडक फोडला आणि समुद्रात गेला, ते बंदराचं तोंड. फाताइताइ मागून निघाला तर ओहोटीने अडकला. पुढे एका मोठ्या भूकंपाने त्याला पाण्याबाहेर उचललं आणि त्याचा जीव गेला. त्याचं शरीर म्हणजे आजचं हाताइताइ उपनगर.

दुसरी: पंधराव्या शतकातल्या एका भूकंपाचं नावच माओरींनी जपून ठेवलंय, हाओफेनुआ, जमीन गिळणारा. आजचं मिरामार द्वीपकल्प तेव्हा बेट होतं, त्याचं नाव मोतू कैरांगी. जमीन उचलली गेली आणि बेट किनाऱ्याला जोडलं गेलं, असं सांगतात. आज वेलिंग्टनचा विमानतळ याच जोडावर आहे.

तिसरी भूकंपाची नाही, पण माझी लाडकी. मातातामध्ये एका ओढ्याला ते पाल म्हणतात. डोकं डोंगरात, शेपूट सपाटीवर, आणि शेपूट ती इकडून तिकडे फटकारते. म्हणून तिथल्या माओरी वस्तीने आपली सभागृहं शेपटीच्या पट्ट्याबाहेर बांधली. मे २००५मध्ये प्रचंड पावसात डोंगरातून दगडमातीचे लोंढे आले, कितीतरी घरं गेली. ती सभागृहं शाबूत राहिली.

भूगर्भी

हाओफेनुआला दुजोरा देतो. किनाऱ्यावरच्या उचललेल्या थरांवरून भूवैज्ञानिकही पंधराव्या शतकात तिथे मोठी उलथापालथ झाल्याचं सांगतात. आणखी एक जुळणी आहे. "ते आरावा" नावाच्या नौकेतून आलेला पुजारी ङातोरो-इ-रांगी तोंगारिरो पर्वतावर चढला आणि दक्षिणेच्या वाऱ्याने गोठायला लागला. त्याने दूरच्या मूळ भूमीत, हवाईकीत असलेल्या आपल्या बहिणींना हाक मारली, आग पाठवा. ती आग समुद्राखालून आली आणि वाटेत जिथे जिथे तिने डोकं वर काढलं तिथे वाफ आणि ज्वालामुखी झाले: फाकाआरी बेट, रोतोरुआ, तौपो आणि शेवटी तोंगारिरो.

नकाशा उघडून या जागा जोडा. एक तिरपी रेघ येते. भूविज्ञानाच्या पुस्तकात त्याला तौपो ज्वालामुखी पट्टा म्हणतात. खाली शिरणाऱ्या प्लेटमधलं पाणी वरच्या खडकात जातं, त्यामुळे तो वितळतो आणि शिलारस या रेषेवर वर येतो. आणि ही प्लेट शिरते पूर्वेच्या समुद्राखालून. मी हे वर्गात शिकवत होतो तेव्हा मला ही कथा माहीत असती तर बरं झालं असतं, असं आज फार वाटतं.

तर्ककठोर

पालीची गोष्ट वाचून थबकलो. ही नुसती गोष्ट नव्हती, मान्य. या कथांना मी "सुंदर आहेत, एवढंच" म्हणालो ते मागे घेतो. तरी मुलाला दोन्ही वेगवेगळं कळावं, हा आग्रह कायम.

क्राइस्टचर्चकर

मी २००८पासून इथे. २२ फेब्रुवारी २०११, दुपारी १२:५१. मी कचेरीत डबा उघडत होतो. त्याआधी ४ सप्टेंबर २०१०ला पहाटे ७.१चा मोठा धक्का येऊन गेला होता, कुणी दगावलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला वाटलं की निभावलं. हा दुसरा आकड्याने लहान होता, पण उथळ आणि शहराला खेटून. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच इमारतीत, आणि त्यांत परदेशातून इंग्रजी शिकायला आलेली कितीतरी मुलं होती.

पायी घरी निघालो. आमच्या गल्लीत रस्त्याच्या भेगांतून राखाडी पाणी वर येत होतं, बुडबुडे फुटावेत तसं. बघता बघता सैल पिठासारखा गाळ घोट्यापर्यंत आला. शेजाऱ्याची गाडी समोरच्या बाजूने जमिनीत तोंड खुपसून उभी. जमीनच पातळ झाली होती. पाण्याने भरलेली वाळू जोराने हलली की तिचे कण सुटे होतात आणि ती काही वेळ द्रवासारखी वागते. पुढचे आठ दिवस फावड्याने गाळ काढला. विद्यापीठाची पोरं ढकलगाड्या घेऊन गल्लोगल्ली फिरत होती, ओळख ना पाळख, आमचं अंगण त्यांनीच मोकळं केलं.

नंतर एका ङाई ताहू सहकाऱ्याने दाखवलं की जिथे सगळ्यात जास्त गाळ आला तो बराचसा भाग जुनी पाणथळ आहे, ओताकारो नदीच्या काठची. त्याचे पूर्वज तिथे वाम मासे पकडायला, गवत कापायला यायचे. अन्न मिळवायची जागा, तिथे वजनदार शहर उभं राहिलं. नदीकाठची हजारो घरं शेवटी पाडली. आमचं त्यातलंच. आज तिथे गवत आहे, आणि आमच्या परसातलं लिंबाचं झाड अजून उभं आहे. दर हिवाळ्यात जाऊन चार लिंबं आणतो.

माळवद

मी उमरगा तालुक्यातला. वाचत होतो, लिहू का नको असं झालं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवला होता, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या आत, ३:५६. मी नऊ वर्षांचा. आमच्याकडं दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून दर वर्षी वर मातीचा थर द्यायचा. तीच माती अंगावर आली. मी बाजंखाली सरकलो होतो, बाजेनं वाचवलं. आजी आन् धाकटी बहीण त्याच खोलीत होत्या. सुमारे दहा हजार माणसं गेली म्हणतात, तीव्रता ६.२. न्यूझीलंडात २०१६ला कैकोउराच्या ७.८ला दोन माणसं जातात आन् आमच्याकडं ६.२ला गावंच्या गावं. भूकंप नाही मारत, घर मारतं, हे तेव्हापासून मनात बसलंय.

म्हणून अनघाताई, राग मानू नका, पण "बाळानं लाथ मारली" मला नाही सोसत. ज्याच्या घरची माणसं गेली त्याला हे गोड कसं लागावं?

अनघा_हट

दादा, राग कसला? तुम्ही लिहिलंत याचंच खूप वाटलं. मला सुचतच नाहीये काय लिहावं. आजीला आणि बहिणीला नमस्कार.

जुनी_वही

माळवददादा, तुमच्या प्रश्नासाठी थांबून विचार केला. माओरी रूआउमोकोला गोड मानत नाहीत. शाळेत गोड करून सांगतात. मोठ्यांच्या बोलण्यात तो गुरगुरणारा आहे. भावंडांनी आईबाप तोडले, आईला पालथं केलं, आणि विचारलं कुणीच नाही त्या तान्ह्याला. त्याचा राग भावंडांच्या वंशावर, म्हणजे माणसांवर आहे. नेपियरला ३ फेब्रुवारी १९३१ला २५६ माणसं गेली, त्याच धक्क्यात समुद्राची खाडी कोरडी पडून हजारो एकर जमीन वर आली. घेणारा आणि देणारा एकच. पूर्वज म्हणून त्याला मान द्यायचा, त्याच्याशी लाडीगोडी करायची नाही, असं माझ्या शिक्षिका सांगतात.

माळवद

हे पटलं. आमच्या आईचंही असंच आहे. भुईला पाया पडल्याशिवाय आजही ती खाली पाय ठेवत नाही, आन् भुईवर रागही तिचाच सगळ्यात जास्त आहे.

नाशिककर_हेमा

१४ नोव्हेंबर २०१६ला आम्ही कैकोउराला होतो, आईबाबा नाशिकहून आलेले, देवमासे दाखवायला नेलं होतं. रात्री १२:०२. मोटेलच्या खोलीत उभं राहता येईना. सगळे टेकडीवर पळालो, त्सुनामीच्या भीतीने, पांघरुणं घेऊन रात्रभर गवतात. सकाळी कळलं, दोन्हीकडचे रस्ते दरडींनी बंद. गावात शेकडो प्रवासी अडकलेले.

तिथल्या तकाहांगा मराएने दारं उघडली. मराए म्हणजे त्यांचं अंगण-सभागृह. आपल्या घरांची नासधूस झालेली असताना ती माणसं हजारो ताटं वाढत होती. गावाचं नावच "काई" म्हणजे जेवण आणि "कोउरा" म्हणजे समुद्रातला शेवंडा, आणि खरोखरच शेवंडे वाढले जात होते! माझी आई शाकाहारी. स्वयंपाकघरातल्या एका आजींना खुणेने सांगितलं, तर त्या आत जाऊन उकडलेली रताळी घेऊन आल्या, वर लोण्याचा गोळा. आई म्हणाली, "एकादशी घडली बघ." आजही रताळी आणली की तिला त्या आजी आठवतात.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो तर समुद्रतळ वर आलेला. तांबडी शेवाळं उन्हात, आणि पाउआ नावाचे शिंपले खडकाला चिकटलेले, पाणी मात्र लांब. लोक बादल्यांनी उचलून त्यांना परत पाण्यात नेऊन सोडत होते. पुढे त्या किनाऱ्यावर पाउआ काढायला पाच वर्षं बंदी होती, जीव सावरेपर्यंत.

भूगर्भी

त्या एका भूकंपात वीसहून जास्त भ्रंश एकामागून एक सुटले. असं होऊ शकतं हे आम्ही शिकवतच नव्हतो. पाठ्यपुस्तक बदलायला लावणारा भूकंप.

पाटणचा_पाव्हणा

कोयनेचं कुणीच काढलं नाही, म्हणून. आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७. धरण भरायला लागल्यापासून जमीन कुरकुरायला लागली होती, असं आजोबा सांगायचे. साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकात झिरपलेलं पाणी यांनी आधीच ताणलेला भ्रंश सुटतो, हे कोयनेमुळे जगाला नीट कळलं. अजूनही अधूनमधून भांडी वाजतात. आजी चुलीवरून न उठता म्हणायची, "धरणीमाय अंग मोडतीया." त्यात भीती नव्हती, पण रात्री कंदील आणि चप्पल उशाशीच असायची. शेवटपर्यंत.

बेसिन_रिझर्व्ह

माळवददादांच्या "घर मारतं" यावरून. वेलिंग्टनचं "ते पापा" नावाचं मोठं संग्रहालय जमिनीवर घट्ट बसवलेलंच नाही. खाली रबर आणि पोलादाचे थर देऊन मध्ये शिशाचा गाभा असलेले ठोकळे आहेत. जमीन हलली की ठोकळे लवचिकपणे हलतात, शिसं धक्का पिऊन टाकतं आणि वरची इमारत संथ डुलते. न्यूझीलंडच्याच बिल रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात हे शोधलं. २००१च्या भूकंपात भूजचं रुग्णालय पडलं, ते पुन्हा बांधताना हेच ठोकळे तिथून आणून खाली घातले.

तर्ककठोर

अनघाताई, मूळ प्रश्न राहिला. मुलाचं काय झालं?

अनघा_हट

सांगते. तुमच्या सगळ्यांचे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र वाचले. मग शनिवारी लेकाला घेऊन तुराकिराएला गेलो, सरांनी सांगितलेल्या पायऱ्या बघायला. वारा असा की बोलणं ऐकू येईना. नवऱ्याने एकेक पायरी चढून दाखवली, ही १८५५ची, ही त्याआधीची. लेकाने विचारलं, "बाळ तेव्हा पण एवढंच होतं?" नवरा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो, ते मोठं होत नाही." मी काहीच बोलले नाही.

आणि काल रात्री परत झालं. अकरा वाजून गेले होते. ठक्क. मी पोचेपर्यंत हा स्वतःच टेबलाखाली, पाय धरून, मोठ्याने मोजतोय, "एक, दोन, तीन, चार..." मग घर डुललं. थांबल्यावर म्हणाला, "चार अठ्ठे बत्तीस. बत्तीस किलोमीटर, आई." आणि बाहेर यायच्या आधी गालिच्यावर तीनचारदा थोपटलं, मी त्याला झोपवताना थोपटते तसं.

भूगर्भी

शाब्बास! फक्त त्याला एवढं सांगा की हे ३२ किलोमीटर नकाशावरचंच असेल असं नाही, भूकंप सुरू झाला त्या बिंदूपर्यंतचं ते अंतर, खोली धरून. जिओनेटच्या, म्हणजे तिथे भूकंप नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदीत कालच्याची खोली काय दिलीय ते बघून त्याच्याबरोबर एक चित्र काढा.

अनघा_हट

आत्ता बघितलं सर. खोली ३० किलोमीटर, केंद्र लोअर हटपासून दहाएक किलोमीटरवर.

भूगर्भी

म्हणजे जवळजवळ सरळ खाली. पोराने थोपटलं ती जागा बरोबर होती.